हिरकीटोल्याच्या गाडीचं स्टेअरिंग

बाबांचं छपाईचं यंत्र आणि आईची पान्यांची पेटी आमच्या घरात एकाच खोलीत होती, मधे फक्त गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला शाईचा वास, दुसऱ्या बाजूला ग्रीसचा. मी अक्षरं शिकले ती बालभारतीच्या पुस्तकावरून नाही, पत्रकांवरून. माझा पहिला जोडाक्षरी शब्द 'संघर्ष' होता आणि तो मला 'सफरचंद' या शब्दाच्या आधी लिहिता आला, सफरचंद तर खायलाही नंतरच मिळालं. बाबांनी माझं नाव घोषणा ठेवलं. आईने त्याचं घोषू केलं आणि माझी सुटका केली. बाबा बांबूच्या हक्कावर, तेंदूपानाच्या दरावर, ग्रामसभेच्या ठरावांवर पत्रकं लिहायचे, स्वतःच छापायचे आणि सायकलवर वाटायचे. आई गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातल्या फिटरची मुलगी. तिने बापाच्या मांडीवर बसून पान्यांचे आकडे पाठ केलेले. गावातली शिलाई मशीन, धानाला पाणी देणारे पंप, सायकली, सगळं तिच्याकडे यायचं. बाबांकडे माणसं येत ती रागावून येत, आईकडे येत ती काहीतरी उचलून घेऊन येत. रस्त्यावरून दिवसभर खाणीचे ट्रक जायचे आणि प्रत्येक ट्रकाबरोबर आमच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. त्या थरथरीची इतकी सवय होती की एखाद्या दिवशी ट्रक बंद असले की आई म्हणायची, "आज घर मेल्यावानी वाटून राह्यलं."

अंगणात पळसाच्या सावलीत एक गाडी उभी असायची. पांढरी, सात जणांची, दुसऱ्या हाताची. ती आमची नव्हती. आतल्या जंगलातल्या चार टोल्यांच्या, म्हणजे पाड्यांच्या, ग्रामसभांनी बांबूच्या उत्पन्नातून ती घेतली होती आणि आमच्या अंगणात ठेवली होती, कारण आमच्या अंगणाला भिंत होती आणि घरात आई होती. मागच्या काचेवर बाबांनी लाल रंगाने लिहिलं होतं: सामुदायिक मालमत्ता. तिच्यातून बाळंतिणी गेल्या, तांदळाची पोती गेली, एकदा साप चावलेला माणूस हेमलकशाच्या दवाखान्यापर्यंत गेला आणि आठ दिवसांनी हसत परत आला. चालवायची मी. लायसन मिळालं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, आमच्या बाजूची आणि विकली गेलेली. हे वाक्य मी एका पत्रकात लिहिलंही होतं. आज मी लोकांना लिहायला शिकवते आणि असं वाक्य दिसलं की खाली रेघ मारते. पण ते खोडून टाकायला हात अजूनही धजत नाही.

मोहफुलाचे दिवस होते. पहाटे सगळं रान गोडसर, आंबूस वासाने भरून जायचं आणि टोल्यांवरच्या बाया अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघायच्या. वर्षाच्या मिठातेलाची सोय त्या वीस-पंचवीस दिवसांत व्हायची. नेमकी त्याच दिवसांत हिरकीटोल्याला नोटीस आली. त्यांच्या जंगलहक्काच्या दाव्याची सुनावणी गुरुवारी सकाळी अकरा वाजता, उपविभागाच्या कार्यालयात. दाव्यावर ज्यांची नावं आहेत त्यांनी स्वतः यायचं. कोणी आलं नाही तर फाइल बंद. दावा टाकून किती पावसाळे गेले होते ते लोक झाडांच्या उंचीवरून सांगायचे. हिरकीटोला त्या चार टोल्यांपैकी एक, आमच्या गावापासून तीस किलोमीटर आत, बस जात नाही असा. तिथून उलट कार्यालयापर्यंत सत्तर किलोमीटर. तालुक्यातल्या भाड्याच्या जीपा सगळ्या खाणीच्या ठेकेदाराकडे लागलेल्या, आणि हिरकीटोल्याचा दावा ज्या डोंगरावर होता त्याच डोंगरावर ठेकेदाराचा डोळा होता. म्हणजे ही एकच गाडी. आणि नोटीस आली त्याच आठवड्यात गाडीच्या पोटाखाली लाल तेलाचं थारोळं दिसायला लागलं. स्टेअरिंग इतकं जड झालं की वळणावर मी सीटवरून अर्धी उठायचे. वर पुढून खडखड आवाज. आई गाडीखाली सरपटत गेली, चाक हातात धरून हलवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "रॅक गेली. रबर फाटलं, आतला गोळा ढिला झाला. अशी चालवशीन तं चाक एकीकडं अन् तू एकीकडं."

रॅक म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला, दोन चाकांच्या मधे आडवी बसलेली लांब नळी. आपण स्टेअरिंग फिरवतो, ती डावी-उजवीकडे सरकते आणि चाकं वळतात. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत तिच्यात तेलाचा दाब असतो, म्हणून हात दुखत नाहीत. हे मला त्या आठवड्यात कळलं. तोवर मला भांडवलाचं संचयन समजावून सांगता यायचं, पण मी चालवते ती गाडी कशी वळते ते नाही.

सोमवारी मी गाडी रेटत गजूभाऊच्या गॅरेजवर नेली. गजूभाऊ आमच्याकडे दिवाळीला चिवडा खायला येणारा माणूस. त्याने गाडी पाहिली, मला पाहिलं, आणि हातातल्या फडक्याने हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते.

"घोषू, मले नको सांगू वो हे काम."

"काऊन? येत नाई का?"

"येत नाई कसं? दोन घंट्याचं काम हाय. पण तिकडून निरोप आला. हिरकीटोल्याच्या गाडीले जो हात लावन, त्याच्याकडं ठेकेदाराचा एक ट्रक येनार नाई. माहे चार मान्सं हायत कामावर."

"म्हणजे तू विकल्या गेलास."

तो रागावला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "विकत घ्यायले कोनी आलंच नाई, बाई," तो म्हणाला. "नुसता फोन आला."

गावात आणखी दोन गॅरेजं होती. दोन्हीकडे मला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत मिळालं. एकाने तर मला पाहून आत जाऊन टीव्हीचा आवाज मोठा केला.

घरी येऊन मी सरळ पडद्याच्या शाईच्या बाजूला गेले आणि पत्रक लिहायला बसले. 'गॅरेजबंदी: भ्याडांची बाजू.' गजूभाऊचं नाव दुसऱ्याच ओळीत होतं. बाबांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे. विश्लेषण कमी पडतं. ठेकेदाराचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात का?" बाबा पत्रकाविषयी बोलताना छापील मराठी बोलत. भूक लागली की आमची झाडीबोली बोलत. आई पडदा बाजूला करून आली. तिच्या हाताला अकशाचं, म्हणजे तांदळाच्या घावनाचं, पीठ लागलेलं होतं. तिने कागद पिठाच्या हातानेच घेतला, अर्धा वाचला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"हे छापून चाक वळन का?"

"निषेध तर करायला पाहिजे ना, आई."

"कर ना. शुक्रवारी कर. गुरुवारी गाडी पाह्यजे." तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. "इथीच बदलवू. अंगणात."

बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आईने आयुष्यात गाडीची रॅक बदलली नव्हती. तिने ट्रॅक्टरचं गिअर उघडलं होतं, हे खरं. "पाना तोच असते," ती म्हणाली, "बोल्ट जागेवर असला म्हंजे झालं." त्या संध्याकाळी तिने लाखोळीची डाळ घातली, अकसे टाकले, आणि ते खाताना आमच्या घरात पहिल्यांदाच बैठकीशिवाय एक निर्णय झाला. बाबांना ते खटकलं. त्यांनी डाळ संपल्यावर विचारलं, "कोणाची हरकत?" आईने त्यांच्या ताटात आणखी एक अकसा टाकला.

मंगळवारी मी पहाटेच्या बसने चंद्रपूरला गेले. भंगारबाजारात अपघातातल्या, सोडून दिलेल्या गाड्यांचे पुढचे भाग रांगेने उभे असतात, दात काढलेल्या तोंडांसारखे. आईने मला नळीची लांबी सुतळीवर गाठ मारून दिली होती, आणि तेलाच्या दोन नळ्या कुठून आत जातात ते एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूला काढून दिलं होतं. तिसऱ्या दुकानात रॅक जुळली. दुकानदाराने ती दोन्ही टोकांना धरून सरकवून दाखवली, आतून ना खडखड ना तेल. "मिस्त्री कोन हाय?" त्याने विचारलं. "माही आई," मी म्हणाले. त्याला वाटलं मी मस्करी करते आहे, पण त्याने न सांगता लाल तेलाचा एक डबा आणि चार नवे वायसर पोत्यात टाकले. परतीच्या बसमध्ये ते पोतं मी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, यात काय हाय?" मी म्हणाले, "जंगल." मला तेव्हा अशी उत्तरं देण्याची फार हौस होती. त्याने पोत्यावर बोट वाजवून पाहिलं आणि लोखंडाच्या सामानाचं तिकीट फाडलं.

संध्याकाळी आईच्या फोनवर गजूभाऊचा फोन आला. तो कुठूनतरी लांबून, दबक्या आवाजात बोलत होता. आईने फोन कानापासून दूर धरला म्हणून मला ऐकू आलं. "वयनी, मी बोललो म्हनून कोनाले सांगू नका. तीन गोष्टी. जॅकवर भरोसा नाई ठेवाचा, खाली लाकडं लावा. टायरॉडचे आटे मोजूनच काढा. अन् सगळ्यात पह्यलं स्टेरिंग बांधून ठेवा. खालचा सांधा सोडला का ते मोकळं होते, अन् एक चक्कर जरी जास्ती फिरलं तं आतली पट्टी तुटते." फोन बंद झाला. मी गोणपाटाच्या पलीकडे जाऊन त्या पत्रकातलं गजूभाऊचं नाव खोडलं. माफ केलं असं नाही. आजही मी त्याला अर्धंच माफ केलं आहे. ज्याला काम येतं त्याने गुपचूप सल्ला द्यावा आणि ज्यांना येत नाही त्यांनी गाडीखाली झोपावं, हा न्याय मला अजून पटत नाही.

बुधवारी उजाडताच कामाला लागलो. गाडी पुढून उचलली, खाली ऐनाचे चार ओंडके लावले, आणि आईने गाडीला खांद्याने धक्के देऊन पाहिले, म्हैस बांधलेला खुंटा पाहतात तसे. मग तिने माझी ओढणी घेतली, स्टेअरिंग सीटच्या दांड्याला तीन गाठी मारून बांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याले कोनी हात लावाचा नाई." चाकं काढली. नटांवर रात्रभर डिझेल टाकून ठेवलं होतं तरी डाव्या बाजूचा एक नट असा बसला होता की मी पान्याला लांब पाइप लावून लोंबकळले, तेव्हा कुठे तो चीं करून हलला. टायरॉडचं, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं, टोक सुटेना, तेव्हा आईने मला सांगितलं की नटावर नाही, बाजूच्या जाड लोखंडावर मार. तीन घाव मारले आणि ते आपोआप टप्पकन खाली पडलं. एवढा आनंद मला विद्यापीठाच्या वक्तृत्व स्पर्धेतही झाला नव्हता. टोक काढताना मी आटे मोठ्याने मोजले, डावीकडे सतरा, उजवीकडे साडेसोळा, आणि बाबांनी ते वहीत लिहून घेतले, वर तारीख, उपस्थितांची नावं आणि 'विषय: टायरॉड' असं शीर्षक घालून. तेलाच्या नळ्या सोडल्या तेव्हा लाल तेल घमेल्यात पडलं, थोडं आईच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. खालचा सांधा सुटला. जुनी रॅक एका बाजूने ओढून बाहेर काढली तेव्हा दुपार झाली होती. आम्ही दोघी ती अंगणात आडवी ठेवून तिच्याकडे पाहत बसलो. आईने झिंगे-वांग्याची भाजी आणि भात सकाळीच करून ठेवला होता. आम्ही विहिरीवर हात राखेने घासले, तरी भाताला ग्रीसची चव होतीच.

जेवण चालू असतानाच मंगरीबाई आली. हिरकीटोल्याच्या ग्रामसभेची ती सगळ्यात जुनी माणूस, दाव्यावर तिचं नाव दुसरं. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, दिवसाचं मोहफूल सोडून ती आली होती, कारण टोल्यावर बातमी पोचली होती की गाडीचं पोट फाडलं आहे. "जोहार," ती म्हणाली आणि जुन्या रॅकपाशी बसून तिला बोटाने टोचू लागली. "हे काय हाय? हाड?" आई आणि मी भांडी घासायला आत गेलो. आम्ही आत होतो तेवढ्यात जे झालं ते मी नंतर तिघांकडून तीन वेळा ऐकलं आहे.

मंगरीबाईने बाबांना विचारलं, "ही गाडी आमची हाय ना?" बाबा म्हणाले, "तुमचीच." "मंग मी आजवर मांगच बसली. समोरचं चाक एक डाव धरून पाहू का?" माझ्या बाबांनी आयुष्यभर जे छापलं त्यात 'ज्याची मालकी त्याचा हात' हे वाक्य शंभर वेळा असेल. आता एक म्हातारी बाई आपल्याच गाडीच्या स्टेअरिंगला हात लावायची परवानगी मागत होती. बाबांनी स्वतः दार उघडलं, तिला हाताला धरून सीटवर बसवलं, आणि ओढणीच्या तिन्ही गाठी सोडल्या. गाडी तर ओंडक्यांवर आहे, चाकंच नाहीत, कुठे जाणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी बाहेर आले तेव्हा मंगरीबाई स्टेअरिंग एका हाताने फिरवत होती, एकाच दिशेने, गोल गोल, डोळे अर्धे मिटून. जातं फिरवतात तसं. जात्याला उलटं फिरवत नाहीत. ती गुणगुणतही होती.

"येवढं हलकं!" ती मला म्हणाली. "मंग तू काऊन दम टाकत राह्यतेस वो पोरी?"

आतून कट् असा बारीक आवाज आला. मला वाटलं सीटची स्प्रिंग असेल. आईने ओढणी जमिनीवर पाहिली आणि तिच्या हातातलं पातेलं तिथेच राहिलं. पण मंगरीबाई इतकी खूश होती की आईने फक्त बाबांकडे पाहिलं. बाबांनी ओढणी उचलली, झटकली आणि घडी घातली.

उरलेला दिवस नवी रॅक बसवण्यात गेला. चार बोल्ट, दोन नळ्या, सतरा आटे, साडेसोळा आटे. खालचा सांधा जोडताना एक दात चुकला, हे सगळं बंद केल्यावर कळलं. गाडी सरळ चालली की स्टेअरिंग वाकडं राहायचं, मान कलती केलेल्या माणसासारखं. परत उघडायला वेळ नव्हता. तेल भरलं, चाकं अधांतरी ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. तेलात आधी फेस आला, मग बुडबुडे, मग काही नाही. आईने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून चाकं सरळ आहेत का ते पाहिलं, एक डोळा मिटून, शिंपी कापड पाहतो तशी. गाडी खाली उतरवली. मी गल्लीत एक फेरी मारली. स्टेअरिंग एका बोटाने फिरत होतं. मी ओरडणार होते, तेवढ्यात एक शेळी आडवी आली, मी हॉर्न दाबला, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. समोर एक लाल दिवा लागला होता, माणसाच्या पोटावर फुगा असलेल्या चित्राचा.

आईने लगेच सांगितलं: आतली पट्टी तुटली. तिच्यातूनच हॉर्नची आणि धडकेत फुगणाऱ्या फुग्याची तार जाते. ती इथे मिळणार नाही. बाबा अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "माझ्याकडून गंभीर चूक झालेली आहे," ते छापील मराठीत म्हणाले. "मी सर्वांसमोर आत्मटीका करू इच्छितो."

"मागून करजा," आई म्हणाली. "आदी तो टॉर्च धरा." तिने पुन्हा स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवून पाहिलं, तुटलेली पट्टी कुठे अडकते का ते कान लावून ऐकलं. अडकत नव्हती. मग ती माझ्याकडे वळली. "वळते. थांबते. फक्त बोंबलत नाई. हळू चालवशीन?" मी हो म्हणाले. मंगरीबाई तोवर ओसरीवर मोहफुलाची पुरचुंडी उघडून बसली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं की चूक तिच्या हातून झाली, आणि मीही सांगितलं नाही. तिने स्वतःच विचारलं, "मोडलं का माह्या हातून?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "आवाजच पाह्यजे ना? त्याले का तार लागते?"

गुरुवारी पहाटे मी मंगरीबाईला घेऊन निघाले आणि हळूहळू चालवत आठच्या सुमारास हिरकीटोल्याला पोचले. तिथून देवजीभाऊ आणि जोगीआत्या चढले, दोघंही दाव्यावरच्या नावांपैकी. जोगीआत्याने बसल्या बसल्या चप्पल काढून हातात घेतली, गाडी खराब होऊ नये म्हणून. परतीच्या तीस किलोमीटरमध्ये सोळा आंधळी वळणं आहेत. प्रत्येक वळणाआधी मंगरीबाई खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढून ओरडायची, "हट! हट गा! गाडी आली, गाडी!" देवजीभाऊ दुसऱ्या बाजूने दारावर थापा मारायचा. मोहफूल वेचणाऱ्या बाया झाडाखालून उठून पाहायच्या, ओळखायच्या आणि परत ओरडायच्या. एका वळणावर समोरून खरंच मोटारसायकल आली, त्या आवाजाने थांबली, आणि तो पोरगा घाबरून म्हणाला, "काय झालं? कोन मेलं?" "कोनी नाई मेलं," जोगीआत्या म्हणाली. "सुनावनीले चाललो." मी हसत होते आणि वाकडं स्टेअरिंग घट्ट धरून होते.

मोठ्या रस्त्यावर मात्र ओरडून भागेना. खाणीच्या ट्रकांची रांग लागली होती आणि हॉर्नशिवाय त्यांना कोण बाजूला करणार? मंगरीबाईचा आवाज बसला. देवजीभाऊचा तळहात सुजला. मी ट्रकामागे ट्रक, ट्रकामागे ट्रक, धुळीत डोळे बारीक करून चालवत राहिले आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ पुढे सरकताना बघत राहिले. साडेदहा. पावणेअकरा. अकरा वाजले तेव्हा आम्ही कार्यालयापासून सहा किलोमीटरवर होतो.

पोचलो तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. मी गाडी तशीच फाटकात आडवी सोडली आणि धावत आत गेले. टेबलामागच्या बाबूने रजिस्टर मिटलं होतं. "शेरा मारून झाला," तो म्हणाला. "अकराला पुकारा केला, कोणी नव्हतं. फाइल बंद." मी सुरू झाले. नैसर्गिक न्याय, कायद्याचा हेतू, आदिवासींवरचा ऐतिहासिक अन्याय, सगळं एका दमात, पाठ होतं ते सगळं. माझ्या कुडत्यावर ग्रीस होतं आणि केसांत धूळ. बाबूने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग विचारलं, "दाव्यावर तुमचं नाव आहे?"

"नाही."

"मग तुम्ही कोण?"

"ड्रायव्हर."

"तर गाडीजवळ थांबा. फाटक अडलंय."

मी जागची हलले नाही. मागून मंगरीबाईने माझं कोपर धरलं. "थांब वो पोरी," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "तू छापल्यावानी बोलतेस. मले बोलू दे." आणि ती टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली. देवजीभाऊ तिच्या बाजूला बसला, जोगीआत्या चपला मांडीवर ठेवून बसली. येण्याजाण्याची वाट बंद झाली. रांगेतले इतर लोक पाहायला लागले.

"बाबू, नावं वाचा," मंगरीबाई म्हणाली.

"वाचली ना अकराला."

"मले तं आयकू नाई आली. मी तवा रस्त्यानं आरडत येऊन राह्यली होती."

रांगेत कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. त्या हसण्याने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी खाली बसलेल्या तिघांकडे पाहिलं, बाबूला विचारलं, आणि म्हणाले, "वाचा पुन्हा."

बाबूने रजिस्टर उघडलं. देवजीचं नाव वाचलं, देवजीभाऊने हात वर केला. मंगरीबाईचं वाचलं. जोगीआत्याचं वाचलं. मग चौथं, दसरू. हात वर गेला नाही. दसरू मंगरीबाईचा नवरा. दावा भरला तेव्हा त्यानेच सगळ्यात आधी अंगठा उठवला होता, आणि सुनावणीची वाट पाहता पाहता मागच्या हिवाळ्यात गेला होता.

"दसरू गैरहजर," बाबू म्हणाला.

"हजर लिहा," मंगरीबाई म्हणाली.

"कुठे आहेत ते?"

"मेला."

"बाई, मेलेला माणूस हजर कसा लिहू?"

"मेला, पन गेला कुठी नाई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बसला होता की सगळ्यांना ऐकण्यासाठी गप्प राहावं लागलं. "ज्या जंगलाचा दावा हाय, त्याच जंगलात मातीत ठेवला आमी. चारोळीच्या झाडाखाली. तो रोज तिथीच हाय. तुमच्यातलं कोनी आलं का एक दिवस तरी, पाहाले? इतक्या वर्सांत? गैरहजर तं तुमी होते, साहेब. तुमच्या नावापुढं लिहा."

मला वाटलं आता ते तिला बाहेर काढतील. मी मुठी वळल्या होत्या. साहेबांनी बाबूच्या हातातून पेन घेतलं. आधीच्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली, खाली सही केली. तिघांपुढे स्वतःच्या अक्षरात 'हजर' लिहिलं. चौथ्या नावापाशी पेन थांबलं, मग त्यांनी लिहिलं: मयत, पत्नी हजर. मंगरीबाईने ते वाचून दाखवायला लावलं. दोनदा.

दावा मंजूर व्हायला पुढे आणखी दोन उन्हाळे लागले आणि त्यात आम्ही काय काय सोसलं ते सांगायचं तर वेगळं बसावं लागेल. पण फाइल त्या दिवशी बंद झाली नाही. साहेबांनी खुर्ची ओढली, नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, "बरं, तुमची हद्द कुठून सुरू होते ते यावर दाखवा."

मंगरीबाईने नकाशाकडे पाहिलंही नाही. हात टेकून ती फरशीवरून उठली.

"कागदावर नाई दिसनार," ती म्हणाली. "चला, गाडीत बसा."